पिकवायचा गॅस आणि वखराचा कागद

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अर्धापूर तालुक्यात माझी तीन एकर केळी आणि दीड एकर टरबूज. परवा टरबुजाच्या रानात वखर घातला, तर दर दहा पावलांवर बैल उभे. मल्चिंगचा, म्हणजे ओल टिकायला अन् तण दाबायला वाफ्यावर अंथरतात तो प्लास्टिकचा कागद, पीळ पडून वखराच्या पासेला (पात्याला) गच्च गुंडाळलेला. विळ्यानं कापण्यात अर्धा दिवस गेला. कागद औंदाचा नव्हे, तीन वर्षांमागचा.

अकरावीतली पोरगी बांधावरून म्हणाली, "बाबा, हा तुमचा केळी पिकवायचाच गॅस आहे." मला थट्टा वाटली. पण खरंय. रायपनिंग चेंबरमध्ये, म्हणजे केळी पिकवायच्या बंद खोलीत, हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांपर्यंत सोडतात तो इथिलीन, आणि हे पॉलिथिन त्याचंच. इथिलीनच्या रेणूत कार्बनचे दोन अणू अन् हायड्रोजनचे चार. दोन्ही कार्बननी एकमेकांना दोन-दोन हातांनी धरलेलं. कारखान्यात त्यातली एक पकड सोडवतात. मोकळा हात शेजारचा रेणू धरतो, तो पुढचा. असे हजारो एका माळेत ओवले की गॅसाचा कागद. १९३३ साली इंग्लंडात दोघे रसायनशास्त्रज्ञ भलताच प्रयोग करत होते, अन् भांड्यात मेणासारखं पांढरं काही उरलं, तेच हे.

चेंबरचं दार उघडलं की गॅस उडून जातो. माळेत अडकलेला मात्र जागचा हलत नाही. मातीतल्या जिवाणूंना ती माळ सहजी तोडता येत नाही. उन्हानं तुटते, पण अर्धीमुर्धी. म्हणून कागद कुजत नाही, नुसत्या चिंध्या होतात.

आता तक्रार. अंथरायला अनुदान आहे, उचलायला कुणी नाही. ठिबकच्या जुन्या नळ्या भंगारवाला किलोवर नेतो. मातीनं भरलेला कागद फुकट दिला तरी नको म्हणतो. एका कार्यालयात विचारलं, तर "जाळून टाका" असं उत्तर मिळालं. पैसे वाचवायला मी पातळ कागद घेतला, तो उचलताना फाटला, ही चूक माझीच. पण जाड कागद घेणाऱ्यानं तरी तो न्यायचा कुठं? पेरणीआधी मोंढ्यात आठ दिवस जुना कागद घ्यायची सोय करावी, आणि तो जमा केल्याची पावती बघूनच पुढचं अनुदान द्यावं.

औंदाचा कागद चार पोती भरून गोठ्याशेजारी ठेवलाय. पावसाच्या आत कुणीतरी पत्ता सांगावा.

– एक केळी उत्पादक, ता. अर्धापूर, जि. नांदेड