दहावीच्या वर्षी मैदान सुटलं नाही, ते तुमच्यामुळे

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. प्रियंका इंगळेच्या नेतृत्वाखाली आपल्या मुली जिंकल्या आणि आमच्या नातेवाइकांना खो-खोत अचानक भवितव्य दिसू लागलं! त्याआधी, माझ्या दहावीच्या वर्षी, हीच मंडळी बाबांना सांगत होती, ‘वर्षभर मैदान बंद करा तिचं.’ तेव्हा बाजू घेतलीत ती तुम्ही. म्हणून हे आभार जाहीरपणे.

शालेय स्पर्धांचं गणित पालकांना कळत नाही. तालुका, जिल्हा, विभाग असं जिंकत गेलं की दिवाळीच्या आगेमागे राज्य स्पर्धा येते, आणि ती संपेस्तोवर पूर्वपरीक्षा दाराशी. तुम्ही अभ्यासाचं वेळापत्रक आखण्याआधी माझ्या सरावाचं मागितलंत. पळतीचा कडक सराव असेल त्या संध्याकाळी बीजगणित नाही, फक्त भूमितीच्या रचना आणि विज्ञानाच्या आकृत्या. अवघड उदाहरणं सुट्टीच्या सकाळी. रात्री दहानंतर पुस्तक मिटायचं, हे तर तुम्ही आईकडूनच कबूल करून घेतलंत. खांबाजवळ सूर मारून माझी कोपरं सोललेली असायची. वहीला रक्त लागू नये म्हणून तुम्ही हाताखाली वर्तमानपत्र सरकवायचात आणि समरूपतेचं प्रमेय पुढे चालू. स्पर्धेला जाताना एसटीत ऐकायला इतिहासाची उत्तरं स्वतःच्या आवाजात पाठवलीत, मागे तुमच्या कुकरच्या शिट्ट्यांसकट!

‘खेळाचे मार्क मिळाले की झालं,’ असं म्हणणाऱ्यांचा मला अजून राग येतो. बोर्डाचे सवलतीचे गुण जास्तीत जास्त 25, तेही पाचशेपैकी. बाकीचे पेपरातच मिळवावे लागतात. शिवाय प्रमाणपत्रं जोडून शाळेमार्फत प्रस्ताव वेळेत गेला तरच. तो जिल्हा क्रीडा कार्यालयात पोहोचेपर्यंत तुम्ही ऑफिसातल्या क्लार्क काकांच्या टेबलापाशी किती वेळा उभ्या राहिलात, हे मला त्यांनीच नंतर सांगितलं. त्यांचेही आभार.

आता कॉलेजच्या संघात आहे, हजेरीवरून रोज नवी कटकट असते. धाकटा भाऊ यंदा दहावीत गेलाय, पहाटे तालमीत असतो. बाबा म्हणाले, ‘बाईंना विचारून घे, रविवारी पाठवू का?’ तर पाठवू का?

आपली विद्यार्थिनी