पाय निवडण्याआधी सॉकेट पाहा

महोदय,

कृत्रिम पायाची बातमी म्हटली की कार्बन फायबरच्या पात्यावर धावणाऱ्या खेळाडूचा फोटो ठरलेला. तो पाहून मलाही भरून येतं. पण चार वर्षांपूर्वी माझा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, आणि तेव्हापासून नव्यानं पाय गमावलेलं माणूस किंवा त्याच्या घरचे भेटले की पहिला प्रश्न एकच असतो, "कोणता पाय घ्यावा?" त्यांना मी दर वेळी सांगते, पावलाचं नंतर बघू, आधी सॉकेटचं बोला.

उरलेला पाय, ज्याला आम्ही स्टंप म्हणतो, तो ज्यात बसतो ते सॉकेट. चालताना अंगाचा सगळा भार तिथेच येतो. ते बोचत असेल, तर कितीही भारी पाऊल घ्या, पाय भिंतीला टेकूनच राहतो.

माझा पहिला पाय असाच पडून राहिला. सूज पुरती उतरली नव्हती, तरी कायमचा पाय बनवून दिला गेला. स्टंप पहिले सहा महिने, कधी वर्षभरही, आकसत राहतो, हे कुणी समजावलंच नाही. दोन महिन्यांत सॉकेट ढिलं झालं, स्टंप आत घसरून तळाला टेकू लागला, कातडी फाटली आणि मी पुन्हा कुबड्यांवर आले. आधी तात्पुरता पाय आणि आकार स्थिरावल्यावर कायमचा, एवढं कळलं असतं तरी तो त्रास वाचला असता.

दुसऱ्या वेळी पाय बनवणाऱ्या तंत्रज्ञांनी आधी पारदर्शक प्लास्टिकचं चाचणीचं सॉकेट चढवलं. मी भार टाकला की कातडी कुठे पांढरी पडते, ते बाहेरून दिसायचं. नडगीच्या टोकाशी रुपयाएवढा पांढरा डाग उमटला. त्यांनी तेवढाच भाग तापवून बाहेर फुगवला, पुन्हा उभं केलं, पुन्हा पाहिलं. असं तीनदा. घाई वाटली तरी हा वेळ मागून घ्यावा.

स्टंप तर एका दिवसातही बदलतो. सकाळी स्टंपवर एक मोजा पुरतो, दुपारी तो आकसला की त्यावर दुसरा चढवावा लागतो. रात्री पाय काढल्यावर मी हातातल्या आरशात स्टंपचा तळ बघते. लाल डाग वीसेक मिनिटांत गेला नाही, तर दुसऱ्या दिवशी पाय घालत नाही आणि तंत्रज्ञाला दाखवते. मधुमेहानं पाय गेलेल्यांना तर अनेकदा जखम झालेली कळतही नाही, त्यांनी हे एक दिवसही चुकवू नये. शाबूत पायाचा तळवाही रोज बघावा.

मग येतो पाऊल आणि गुडघ्याचा प्रश्न, आणि तो आपल्या दिवसाकडे बघून सोडवायचा. १९६८ च्या सुमारास रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी जयपूर फूट घडवला, तो लोकांना अनवाणी चालता यावं, उकिडवं बसता यावं म्हणून. आधी माणसाची गरज, मग पाऊल. मांडीतून पाय गेला असेल तर चालायला ताकद फार लागते. थकलेल्या वयस्कर माणसाला उभं राहिल्यावर कुलूप लागणारा साधा गुडघा जास्त आधार देऊ शकतो. मायक्रोप्रोसेसरचा, म्हणजे आत छोटा संगणक असलेला, गुडघा अडखळताना सावरायला मदत करतो, पण तो आठवणीनं चार्ज करावा लागतो.

आपल्या आरोग्य पुरवणीत एकदा सॉकेट बनवणाऱ्या तंत्रज्ञांशी आणि फिजिओथेरपिस्टशी बोलून सविस्तर लिहा, ही विनंती. शस्त्रक्रियेची तारीख ठरलेल्या घरात तो अंक पोचायला हवा. आणि स्टंपच्या गुडघ्याखाली उशी ठेवू नका, ही एक ओळ त्यात असू द्या. मला उशीनं बरं वाटायचं म्हणून मी रोज ठेवत होते. आखडलेला गुडघा सरळ करायला पुढे अडीच महिने गेले.

आपली,
एक नियमित वाचक