हळदीचा डाग

अक्का,

संसर्गापासून स्वतःला कसं जपायचं, याचं तुम्ही आम्हा सिस्टरांना दिलेल्या प्रशिक्षणाला पंधरा दिवस होऊन गेले, पण हे लिहायला बसलं की अजून गळा दाटून येतो.

दोन वर्षांपूर्वी मला वॉर्डातूनच टीबी लागला. सहा महिने गोळ्या घेतल्या, धाकट्याला आजोळी ठेवलं. तेव्हा मी जिथं कामाला होते तिथं एन-९५ मास्क कपाटात कुलूपबंद असायचे. आमच्या तोंडाला साधा मास्क, ज्याच्या कडेनं हवा सरळ आत शिरते. 'प्रशिक्षण मिळाले' म्हणून कागदावर सह्या मात्र घेतल्या होत्या. आजारी पडल्यावर ऐकायला मिळालं, "सिस्टर, तुम्हीच काळजी घेतली नसणार." इतके दिवस मी ते खरं धरून चालले होते.

तुम्ही आमच्या हातमोज्यांना ओली हळद फासलीत आणि म्हणालात, आता काढून दाखवा. मी सवयीनं झटकन ओढले. मनगटावर पिवळा पट्टा! हळदीच्या जागी जंतू असते, तर तेच हाताला लागले असते. सगळ्यांसमोर माझे हात थरथरायला लागले. तुम्ही मला बेसिनपाशी नेलंत, माझा हात हातात घेऊन स्वतः साबणानं धुतलात. बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखांची टोकं, चांगलं मिनिटभर. "निधान, निधान" म्हणत, म्हणजे कन्नडमध्ये सावकाश. मग मोडक्यातोडक्या मराठीत हळूच म्हणालात, "तुमची चूक नाही हो. कुणी शिकवलंच नाही."

अक्का, त्या वाक्यानं माझ्या छातीवरचा दगड उतरला.

२०१८ मध्ये केरळात निपाह विषाणूच्या रुग्णाची सेवा करताना गेलेल्या लिनी सिस्टरबद्दल सांगताना तुमचाही आवाज भरून आला. तिच्या दोन लेकरांचा विचार त्या रात्री मला झोपू देईना. तिचं कौतुक झालं, ते व्हायलाच हवं. पण आमच्या जिवाची काळजी आम्ही जिवंत असताना करणारी माणसं थोडी.

आमच्या सीमाभागात भाषेवरून काय काय कानावर पडतं! तुम्ही कन्नड, मी मराठी. शिकवताना तुम्ही प्रत्येक गोष्ट दोनदा सांगितलीत, आणि एकदाही कंटाळला नाहीत. अशी माणसं आहेत म्हणून इथं नांदता येतं.

एक विनंती. रात्रपाळीच्या मुलींना त्या दिवशी कुणी सोडलं नाही. त्यांच्यासाठी परत या. हळद मी आणते.

तुमची,
खानापूर तालुक्यातली एक सिस्टर