रॉस बेटाला दीड तास पुरत नाही

मा. संपादक,

जानेवारीत आम्ही अंदमानला जाऊन आलो. सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीसमोर सगळ्यांचेच डोळे भरून आले, आमचेही. पण समोरच्या रॉस बेटावर, म्हणजे आताच्या नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीपवर, आमच्या ग्रुपला दीडच तास मिळाला आणि त्यातला अर्धा हरणांबरोबर फोटो काढण्यात गेला. जेटीजवळच जपानी बंकर आहे, जाड काँक्रीटचा, बुटका, पण त्याच्याकडे कोणी वळून बघेना. मी वाकून बघितलं तर आत अंधार आणि ओल, आणि भिंतीवर कोणीतरी खिळ्याने बदाम कोरून नावं लिहिलेली, तीही मराठीत! खूप वाईट वाटलं हो.

१८५८ पासून इंग्रजांचा सगळा कारभार या एवढ्याशा बेटावरून चालायचा, चर्च, बेकरी, क्लब, नाचायचा हॉल सगळं होतं. जून १९४१ च्या भूकंपाने बऱ्याच इमारती खिळखिळ्या झाल्या आणि २३ मार्च १९४२ ला जपानी सैन्य अंदमानात उतरलं ते ऑक्टोबर १९४५ पर्यंत. नंतर तिथे कोणी राहायला आलंच नाही, जंगलच आलं. चर्चला छप्पर नाही आणि भिंतींना वडासारख्या झाडांच्या मुळांनी असं काही आवळून धरलंय की भिंत कुठे संपते आणि झाड कुठे सुरू होतं तेच कळत नाही. मी तिथून हलेना म्हणून आमची ताई दोनदा हाक मारून गेली.

आपल्याकडे अंदमान म्हटलं की गोष्ट काळ्या पाण्यावरच थांबते, युद्धाची ती साडेतीन वर्षं कोणी सांगतच नाही. ३० डिसेंबर १९४३ ला नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण बरोबर महिन्याने, ३० जानेवारी १९४४ ला, तिथून जवळच्याच हमफ्रेगंज गावात जपान्यांनी हेरगिरीच्या संशयावरून ४४ भारतीयांना गोळ्या घातल्या, ते? तिथले डॉक्टर आणि पंजाबी कवी डॉ. दिवाणसिंग तर ज्या सेल्युलर जेलमध्ये आपण माथा टेकवायला जातो तिथेच जपान्यांनी केलेल्या छळाने त्याच महिन्यात गेले. त्यांचं नाव आमच्या बसमध्ये एकालाही ठाऊक नव्हतं आणि मलाही घरी येऊन वाचल्यावर कळलं.

आपल्या पेपरच्या पर्यटन पुरवणीत या वर्षांवर एकदा तरी सविस्तर लिहा ही विनंती. आणि टूरवाल्यांनी रॉसला निदान अर्धा दिवस द्यावा, हमफ्रेगंजचं स्मारकही दाखवावं, पाहिजे तर वॉटर स्पोर्ट्सचा एक तास कमी करा, आमची काही तक्रार नाही.

– एक वाचक, डोंबिवली