नोकरी सोडताना विम्याचाही कागद द्या

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कुपवाड एमआयडीसीतील पंचवीस-तीस माणसांच्या एका कारखान्यात मी नऊ वर्षे सुपरवायझर होतो. गेल्या वर्षी मार्चअखेर ती नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी हेल्मेट, व्हर्निअर आणि लॉकरची किल्ली सह्या घेऊन जमा करून घेण्यात आली, ग्रॅच्युइटीचा अर्जही भरून झाला. मात्र पाकिटातल्या मेडिक्लेमच्या कार्डाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही आणि मलाही विचारायचे सुचले नाही. जूनमध्ये पत्नीच्या पित्ताशयातील खड्यांच्या शस्त्रक्रियेसाठी मिरजेच्या रुग्णालयात गेलो, तेव्हा काउंटरवरच्या मुलीने कार्डावरचा नंबर दोनदा टाकून पाहिला आणि म्हणाली, "काका, यातून तुमचं नाव एकतीस मार्चलाच कमी केलंय." अखेर मुदत ठेव मोडून बिल भागवले.

नाव कमी झाले याची माझी तक्रार नाही. ग्रुप पॉलिसी मालकाच्या नावावर असते, हप्ता तो भरतो, तेव्हा माणूस गेला की त्याचे नावही जाणारच. पगार २१,००० रुपयांच्या आत असता तर कामगार राज्य विमा योजना लागू झाली असती. त्यावरच्या आम्हा लोकांना मालकाने स्वखुशीने काढलेल्या विम्याचाच आधार असतो.

तक्रार आहे ती पुढची वाट कोणी न सांगितल्याची. विमा नियामक प्राधिकरणाच्या नियमांनुसार ग्रुप पॉलिसीतून बाहेर पडणाऱ्याला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा कौटुंबिक पॉलिसीत जाण्याची सोय आहे. याला मायग्रेशन म्हणतात, आणि त्यात ग्रुपमध्ये काढलेली वर्षे जुन्या विमा रकमेपुरती प्रतीक्षा कालावधीत, म्हणजे ठरावीक आजारांचा खर्च मिळण्याआधी जितका काळ थांबावे लागते त्यात, धरली जातात. माझ्या पत्नीला मधुमेह आहे. आधीपासूनच्या आजारासाठीचा कमाल प्रतीक्षा कालावधी १ एप्रिल २०२४ पासून ४८ वरून ३६ महिन्यांवर आला आहे, म्हणजे आमची नऊ वर्षे त्याला पुरून उरली असती. खंड पडल्यामुळे ती वाया गेली. ऑगस्टमध्ये दुसरी पॉलिसी घेतली, पण मधुमेहाची तीन वर्षे आता पहिल्या दिवसापासून मोजायची आहेत.

मायग्रेशन म्हणजे हमखास मिळणारी गोष्ट, असेही नाही. विमा कंपनी प्रकृतीची छाननी करू शकते आणि हप्ता वयाप्रमाणे बसतो. पन्नाशीनंतर तो चांगलाच जाणवतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी उठला, एवढाच काय तो दिलासा. तरीही अर्ज करायचा की नाही हे ठरवण्याची संधी तरी माणसाला मिळायला हवी, आणि ती नोकरी सुटण्याआधी मिळायला हवी.

नंतर मी मालकांना भेटलो, तेव्हा ते प्रांजळपणे म्हणाले, "अहो, मलाच हे माहीत नव्हतं." मला ते पटले. छोट्या कारखान्यात पगार, गेटपास, डिस्पॅच आणि विम्याची यादी एकच अकाउंटंट सांभाळतो. तो महिनाअखेरीला एजंटाला ईमेल करून गेलेल्यांची नावे कमी करतो आणि त्याच्या दृष्टीने विषय संपतो. एजंटाला मात्र हा नियम ठाऊक नसावा, हे मानणे कठीण आहे.

म्हणून सांगली-मिरज-कुपवाड परिसरातील उद्योजक संघटनांना माझी विनंती आहे, की राजीनामा स्वीकारतानाच, नोटिशीचा महिना सुरू असताना, कर्मचाऱ्याच्या हाती एक कागद द्यावा. त्यावर विमा कंपनीचे नाव, पॉलिसी क्रमांक, संरक्षणाचा शेवटचा दिवस आणि मायग्रेशनचा अर्ज कोठे करायचा एवढे असले तरी पुरे. तो मिळाल्याची सही नो-ड्यूज फॉर्मवर घ्यावी. आमच्या कारखान्याच्या त्या फॉर्मवर अकरा रकाने होते. त्यांतला एक कँटीनचा डबा परत केल्याचा होता.

आपला विश्वासू,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली