युक्रेनमधल्या खारकिव्हच्या हॉस्टेलमधल्या आजींना

प्रिय बाबुश्का,

साष्टांग नमस्कार. हे पत्र मराठीत आहे. तुमच्यासाठी भाषांतर करून वेगळं पाठवतेच आहे, पण तुम्ही आमच्यासाठी काय केलंत ते माझ्या माणसांनाही कळायला हवं, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते.

साडेतीन वर्षं मी तुम्हाला हॉस्टेलच्या दाराशी, त्या छोट्या टेबलामागे बसलेलं पाहिलं. डोक्यावर टोपी नसली तर तुम्ही मला थंडीत बाहेर सोडायचा नाहीत. तेव्हा मला त्याचा राग यायचा.

24 फेब्रुवारी 2022. पहाटे पाचच्या सुमारास खिडक्या हादरल्या. मी किल्लारीच्या बाजूची. 1993 चा भूकंप आईच्या तोंडून ऐकतच मोठी झाले, त्यामुळे आधी मला भूकंपच वाटला. होता तो रशियाचा हल्ला. जिन्यात उतरेपर्यंत तुम्ही दारं बडवत वर येत होतात. तळघराला आम्ही पोरं बंकर म्हणायचो. प्रत्यक्षात तिथे पाण्याचे पाइप, मोडक्या खाटा आणि एक दिवा, एवढंच होतं. तुम्ही तिथे सतरंज्या अंथरल्यात आणि घरून लोणच्याच्या काकड्यांच्या बरण्या आणल्यात. आमच्यातल्या चौघी मांस खात नव्हतो. बाहेर तोफा चालू असतानाही तुम्ही आमचं बटाट्याचं भांडं वेगळं ठेवायचात आणि झाकणावर बोट ठेवून सांगायचात, "बेझ म्यासा", मांसाशिवाय. त्या दिवसांत एवढं लक्षात ठेवणं सोपं नव्हतं.

आईचा फोन आला की ती रडायची. एकदा तुम्ही माझ्या हातातून फोन घेतलात आणि रशियनमध्ये बराच वेळ बोललात. आई मराठीत बोलत राहिली. त्या रात्री ती पहिल्यांदा झोपली, असं बाबांनी नंतर सांगितलं.

आता 1 मार्चबद्दल. ब्रेड संपला होता. आम्ही दोघी तिघी दुकानात जायला निघालो, तर तुम्ही दारात आडव्या उभ्या राहिलात. तुम्ही परदेशी, कुठे काय होतं तुम्हाला कळणार नाही, मी जाते, म्हणालात. त्या सकाळी शहराच्या मधोमध, स्वातंत्र्य चौकातल्या प्रशासकीय इमारतीवर क्षेपणास्त्र पडलं. त्याच दिवशी कर्नाटकातला आमच्यासारखाच एक वैद्यकीय विद्यार्थी सामान आणायला बाहेर पडला आणि मारला गेला. ती बातमी आम्ही तळघरात फोनवर वाचली तेव्हा तुम्ही अजून परतला नव्हतात. तासाभराने आलात. पिशवीत दोन ब्रेड होते, कोटावर बर्फ होता. आमच्यापैकी कुणालाच बोलता येईना. बाबुश्का, रांगेत माझ्या जागी तुम्ही उभ्या राहिलात, हे मला त्या क्षणी कळलं. त्याचे आभार मी तेव्हा मानले नाहीत. नुसता ब्रेड घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दूतावासाची सूचना आली: खारकिव्ह ताबडतोब सोडा, जमेल तसं शहराबाहेरचं पिसोचिन गाठा. आम्ही बर्फातून चालत निघालो. दारात तुम्ही एकेकीवर क्रुसाची खूण केलीत आणि उकडलेल्या बटाट्यांची पिशवी माझ्या हातात दिलीत. तुम्हीही चला, असं मी म्हटलं. चाव्या कुणाकडे देऊ, असं तुम्ही विचारलंत. पिसोचिनहून बस, मग सीमा, मग ऑपरेशन गंगाचं, म्हणजे आपल्या सरकारने आम्हाला परत आणायला पाठवलेलं विमान. मी घरी पोचले. चाव्या तुमच्याकडेच राहिल्या.

पुढचं शिक्षण ऑनलाइन झालं. 2022 च्या हिवाळ्यात वीजकेंद्रांवर हल्ले सुरू झाल्यावर आमच्या प्राध्यापिका अंगात कोट घालून, टॉर्चच्या उजेडात शिकवायच्या. मध्येच स्क्रीन काळी व्हायची. त्यांचेही आभार मला इथेच मानायचे आहेत.

आता मी लातूरला इंटर्नशिप करते. लोक युद्धाबद्दल विचारतात आणि लगेच "पण" लावतात. ज्यांच्या तळघरात मी सहा रात्री काढल्या, त्यांच्या घरांवर बॉम्ब टाकणं चूक आहे, हे म्हणताना मला कुठलाही "पण" लावावासा वाटत नाही. रशियाची सीमा तुमच्यापासून जेमतेम तीस-चाळीस किलोमीटरवर. भोंगा वाजायच्या आधीच स्फोट होतो, असं तुम्हीच लिहिलं होतंत. तुमच्या शेजारची मुलं मेट्रो स्टेशनात भरणाऱ्या शाळेत जातात. तुमच्या खिडकीला काचेऐवजी प्लायवूड आहे.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. आयुष्यभर तुम्ही रशियन बोललात. आता तुमचे मेसेज युक्रेनियनमध्ये येतात, चुका करत, शिकत शिकत. आभार मानायचं रशियन "स्पासीबा" गेलं, युक्रेनियन "द्याकुयु" आलं. म्हणून मीही तोच शब्द शिकले. द्याकुयु, बाबुश्का. बटाट्यांसाठी, ब्रेडसाठी, आईशी बोललात त्यासाठी.

हल्ल्याच्या रात्रीनंतर सकाळी तुम्ही फक्त एक "+" पाठवता. म्हणजे जिवंत आहे. आज सकाळीही आला. तो बघूनच मी ड्युटीला निघाले.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची, टोपी विसरणारी मुलगी