वीस मिनिटं माग

ऐरोली,
रविवार रात्र

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

नोकरीच्या शोधात तू ज्यांना भेटून आलास, त्या खारघरच्या साहेबांबद्दल परवा फोनवर सांगताना तुझ्या आवाजात बऱ्याच दिवसांनी उमेद होती, म्हणून मी मध्ये बोललो नाही. अडीच तास बसलास, चहा झाला, पोहे झाले, जुन्या कंपनीतल्या सगळ्यांच्या आठवणी निघाल्या आणि निघताना ते म्हणाले, "काही असलं तर कळवतो." फोन ठेवल्यावर मला हेच खुपत राहिलं. तुझ्यासारख्या कामाच्या माणसाने अडीच तास देऊन हातात एवढंच यावं? म्हणून हे लिहितोय. पहिल्या भेटीला वीस मिनिटं माग, आणि विसाव्या मिनिटाला तूच ऊठ.

तुला हे कोरडं वाटेल, ठाऊक आहे. आपल्याकडे "बसा हो, एवढी काय घाई" म्हणायचंच असतं आणि लगेच उठणारा शिष्ट ठरतो. पण असं म्हणणाऱ्याला आपण खरंच बसायला हवे आहोत का, हे कळणं फार अवघड. हार्वर्डच्या ॲडम मॅस्ट्रोयानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. बोलणाऱ्या दोघांनाही हवं होतं तेव्हाच संपलेल्या गप्पा निघाल्या शंभरात जेमतेम दोन. कुणाला अजून बोलायचं होतं, कुणाला केव्हाच उठायचं होतं, आणि समोरच्याला काय हवंय याचा अंदाज दोघांचाही चुकलेला. हा अभ्यास अमेरिकेतला. आपल्याकडे त्यात वयाचा मान आणि आग्रह यांची भर पडते, मग "आता पुरे" कोण म्हणणार?

वेळ आधी ठरली की हा पेच राहत नाही. इथे माइंडस्पेस आयटी पार्कमधल्या ऑफिसात माझ्याकडेही नोकरीसाठी ओळखीतून मुलं येतात. "सर, वीस मिनिटं मिळतील का?" असं विचारणाऱ्याला मी त्याच आठवड्यात बोलावतो. "एकदा निवांत भेटू" म्हणणाऱ्याला भेटायचं मनात असतं, पण निवांतपणा सापडत नाही. जेवणाची सुट्टी किंवा चारचा चहा, एवढाच काय तो मोकळा वेळ. संध्याकाळी सहानंतर कुणाला भेटूच नकोस. माणूस समोर असतो, पण त्याचं चित्त ठाण्याच्या गाडीत असतं.

आणि वीस मिनिटं पुरतात, अगदी पुरतात. पहिल्या दोन-तीन मिनिटांत तू काय केलंस आणि आता काय शोधतोयस ते सांग. प्रोजेक्ट का बंद पडला, कोण कसं वागलं, हे तिथे नको, ते माझ्याजवळ बोल. मग त्यांना विचार. तुमच्या टीममध्ये सध्या काम कशावर चालू आहे? माणसं आतल्या रेफरन्सने घेतात की भरती करून देणाऱ्या कन्सल्टंटकडून? माझ्या अनुभवात तुम्हाला काय कमी दिसतं? "ओपनिंग आहे का?" हा प्रश्न मात्र टाळ. त्याचं उत्तर बहुतेकदा "सध्या नाही" असंच येतं आणि तिथेच बोलणं संपतं. शेवटची पाच मिनिटं एका प्रश्नासाठी राख: "मी आणखी कोणाला भेटावं असं तुम्हाला वाटतं?" खारघरला हाच प्रश्न राहून गेला.

या प्रश्नावर मी एवढा भर देतोय त्याला कारण आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या न्यूटन गावात, ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना विचारलं होतं, ज्याच्याकडून नोकरीचं कळलं त्याला तुम्ही किती वेळा भेटत होता? १९७३ च्या त्याच्या निबंधात उत्तरं आहेत. वरचेवर भेटणारे सुमारे १७ टक्के, अधूनमधून भेटणारे ५५ टक्क्यांवर, क्वचितच भेटणारे जवळजवळ २८ टक्के. जवळच्या माणसांना साधारण आपल्याला जे माहीत तेच माहीत असतं. नवी बातमी लांबच्या ओळखीतून येते. २०२२ मध्ये लिंक्डइनच्या दोन कोटी लोकांवरच्या प्रयोगांचे निष्कर्ष आले, त्यातही नोकरी बदलायला सर्वांत उपयोगी पडली ती अगदी घट्टही नाही आणि अगदी नावापुरतीही नाही, अशी ओळख. आता तूच सांग, अशी ओळख असलेल्याकडे अडीच तास मागता येतात का? वीस मिनिटं मात्र कोणीही देतं. आणि एका दिवशी ऐरोली, महापे, तुर्भे असं करत तिघांना भेटून तू रात्री जेवायला घरी असशील.

घड्याळ लावून तुटक वागायला मी सांगत नाहीये. वेळ झाली की "सर, मी वीस मिनिटं मागितली होती, निघू का?" असं मनापासून विचार. थांबवलं तर थांब, पण आणखी दहा-पंधरा मिनिटंच. उरलेलं पुढच्या भेटीला. फोनवर असशील तर पंधरा मिनिटांच्या वर नको. जिवाभावाच्या माणसांना यातलं काहीही लागू नाही.

त्याच संध्याकाळी दोन ओळींचे आभार पाठव. रेफर करतो, म्हणजे कंपनीत तुझं नाव सुचवतो, म्हणाले असतील तर त्या जागेचा जॉब आयडी, पीडीएफमधला सीव्ही आणि तुझ्याबद्दल तीन ओळी, सगळं एकाच मेलमध्ये दे. बऱ्याच कंपन्यांत रेफरलचा फॉर्म कर्मचाऱ्यालाच भरावा लागतो. त्याला शोधाशोध करायला लावली की ते काम उद्यावर जातं.

रबाळ्याच्या मॅडमना मी तुझ्याबद्दल बोललोय. उद्या सकाळी त्यांना व्हॉट्सॲप कर: "नमस्कार मॅडम, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये माझा बारा वर्षांचा अनुभव आहे. तुमच्याकडे ऑटोमेशनचं काम कसं चालतं हे समजून घ्यायचं आहे. या आठवड्यात तुमच्या ऑफिसजवळ वीस मिनिटं भेटता येईल का?" एवढंच. सीव्ही जोडू नकोस, मागतील तेव्हा दे. बुधवारी दुपारी त्या थोड्या मोकळ्या असतात.

वहिनींना नमस्कार, चिमणीला गोड पापा.

तुझाच